जमिनीची वाटणी : चिपेवा आणि कोरियन समाजांच्या आर्थिक स्थितीचा एक अभ्यास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुपीरियर या महासरोवराच्या आसपास, मुख्यतः मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांत, चिपेवा ही आदिवासी जमात कित्येक शतके राहत आली आहे. ओजिब्वे हे तिचे दुसरे प्रचलित नाव असून हे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवितात. त्यांची मोठी वस्ती सरहद्दीपलीकडे कॅनडातही आहे. त्याच देशात १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर दक्षिण कोरियातून लाखो लोक येऊन स्थायिक झाले. या दोन समाजांचे आर्थिक आकडे शेजारी शेजारी मांडून निष्कर्ष काढण्याचा मोह अमेरिकेतील अनेकांना होतो. आदिवासी समाजातील दारिद्र्याचे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणाच्या दुपटीच्या आसपास राहिले आहे. उलट कोरियन कुटुंबांची मिळकत मात्र एका पिढीत राष्ट्रीय सरासरीला जाऊन भिडली. रिकाम्या हाताने आलेला परदेशी माणूस पुढे जातो आणि मूळचा भूमिपुत्र मागे राहतो, तेव्हा फरक अंगमेहनतीचा व वृत्तीचा असला पाहिजे, असे अनुमान मग सहज काढले जाते.

हे अनुमान घाईचे आहे. दोन्ही समाजांचा आर्थिक इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला, तर जमिनीच्या वाटपाचा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आढळतो. चिपेवांची सामाईक जमीन कुटुंबवार वाटून देण्याचा कायदा १८८९ मध्ये झाला. कोरियातील जमीनदारांची जमीन कुळांना वाटून देण्याचा कायदा १९४९ मध्ये झाला. कागदावर दोन्ही कायद्यांचा उद्देश एकच होता : प्रत्येक कुटुंब आपल्या तुकड्याचे मालक व्हावे आणि स्वतंत्र शेतकरी म्हणून उभे राहावे. एका ठिकाणी या वाटणीतून भूमिहीनता निर्माण झाली, दुसऱ्या ठिकाणी भूमिहीनता संपली. असे का घडले, हे पाहण्यासारखे आहे.

वाटणीपूर्वीचे चिपेवा

चिपेवांची जुनी अर्थव्यवस्था ऋतुमानानुसार चालणारी होती. वसंताच्या आरंभी मेपल वृक्षांचा रस काढून साखर करणे, उन्हाळ्यात मासेमारी व थोडीशी शेती, शरद ऋतूच्या तोंडावर उथळ सरोवरांत आपोआप उगवणारा रानभात होडीत बसून काठीने झोडून गोळा करणे, आणि हिवाळ्यात शिकार, असे त्यांचे वर्ष असे. या रानभाताला ते मनोमिन म्हणतात. सतराव्या शतकापासून फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश व्यापाऱ्यांशी त्यांचा कातड्यांचा व्यापार चाले आणि त्या व्यापारात ते दुय्यम भागीदार नव्हते.

एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. १८३७ आणि १८४२ च्या तहांनी विस्कॉन्सिन व मिनेसोटामधील विस्तीर्ण प्रदेश अमेरिकन सरकारकडे गेला. पहिल्या तहातील प्रदेश पाइनच्या जंगलासाठी आणि दुसऱ्यातील तांब्याच्या खाणींसाठी हवा होता. मोबदला म्हणून वार्षिक रोख रक्कम व माल देण्याचे ठरले. तसेच त्या प्रदेशात शिकार, मासेमारी व रानभात गोळा करण्याची मुभा चिपेवांनी राखून ठेवली. हे कलम त्या वेळी कोणाला फारसे महत्त्वाचे वाटले नसावे. सुमारे दीडशे वर्षांनी तेच चिपेवांच्या सर्वांत अधिक उपयोगी पडले.

वार्षिक रकमेचे वाटप कसे केले गेले, याचे १८५० सालचे एक उदाहरण प्रशासनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. विस्कॉन्सिनमधील चिपेवांनी पश्चिमेकडे सरकावे म्हणून वाटपाचे ठिकाण मुद्दाम दूर, मिनेसोटातील सँडी लेक येथे हलविण्यात आले. शरद ऋतूत हजारो लोक तेथे जमले. पैसे व धान्य वेळेवर आलेच नाही. मिळालेले अन्न अपुरे व खराब होते. डिसेंबरात अंशतः वाटप होईपर्यंत रोगराई पसरली होती आणि परतीचा प्रवास बर्फातून पायी करावा लागला. सुमारे ४०० माणसे मरण पावली. १८५२ मध्ये वयोवृद्ध प्रमुख केचेवाइश्के हे वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटले आणि स्थलांतराचा हुकूम मागे घेण्यात आला. १८५४ च्या तहाने त्यांना आपल्या मूळ भागातच राखीव क्षेत्रे मिळाली.

व्हाइट अर्थ येथील अनुभव

मिनेसोटातील व्हाइट अर्थ हे राखीव क्षेत्र १८६७ च्या तहाने निर्माण झाले. त्याचे क्षेत्रफळ ८ लाख एकरांहून अधिक होते. पूर्वेस पाइनचे उत्तम जंगल, मध्यभागी सरोवरे आणि पश्चिमेस काळी सुपीक जमीन असा हा प्रदेश होता. राज्यातील बहुतेक सर्व चिपेवांना येथे आणून शेतकरी बनवावे, अशी सरकारची योजना होती.

१८८७ च्या डॉज कायद्याने देशभरातील जमातींच्या सामाईक जमिनी व्यक्तिशः वाटण्याचे धोरण स्वीकारले. त्याच धर्तीवर १८८९ चा नेल्सन कायदा मिनेसोटापुरता करण्यात आला. व्हाइट अर्थमध्ये प्रत्येकास आरंभी ८० एकर जमीन मिळाली आणि १९०४ च्या कायद्याने ही मर्यादा १६० एकरांपर्यंत वाढविण्यात आली. मूळ योजनेत एक महत्त्वाची तरतूद होती : वाटलेली जमीन २५ वर्षे सरकारच्या विश्वस्ततेखाली राहावी, ती विकता किंवा गहाण टाकता येऊ नये आणि तिच्यावर कर नसावा.

ही तरतूद टिकली नाही. १९०६ मध्ये मिनेसोटाचे सिनेटर मोझेस क्लॅप यांनी आदिवासी खात्याच्या विनियोजन विधेयकाला एक उपसूचना जोडली. व्हाइट अर्थमधील मिश्र रक्ताच्या प्रौढ व्यक्तींच्या जमिनींवरील सर्व निर्बंध उठविण्यात यावेत, एवढाच तिचा आशय होता. खर्चाच्या विधेयकाच्या पोटात एका वाक्याने आलेल्या या उपसूचनेने पुढचा सारा इतिहास ठरविला. लाकूड कंपन्या, जमिनीचे दलाल आणि जवळच्या गावांतील बँका हे तयारच होते. इंग्रजी न वाचता येणाऱ्यांकडून गहाणखतांवर अंगठे घेण्यात आले. किराणा दुकानातील उधारीपोटी जमिनी लिहून घेतल्या गेल्या. अल्पवयीनांना प्रौढ आणि शुद्ध रक्ताच्या माणसांना मिश्र रक्ताचे ठरवून व्यवहार नोंदविले गेले. ज्यांनी जमीन विकली नाही, त्यांच्या जमिनीवर निर्बंध उठताच कर लागू झाला. त्याची नोटीस अनेकांना समजलीच नाही आणि थकबाकीपोटी जमीन गेली. १९०९ मध्ये वॉरन मूरहेड यांनी केलेल्या चौकशीत हे गैरव्यवहार पुराव्यानिशी नोंदविण्यात आले.

मग प्रश्न न्यायालयांत गेला. मिश्र रक्त म्हणजे काय? १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोऱ्या रक्ताचा कितीही अल्प अंश असला तरी ती व्यक्ती मिश्र रक्ताची समजावी, असा निर्णय दिला. आता हा अंश शोधायचा कसा? त्यासाठी दोन मानववंशशास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी लोकांचे केस व चेहरे मोजले आणि नखाने त्वचेवर ओरखडा काढून तो किती लाल दिसतो हे पाहिले. या कसोटीवर शुद्ध रक्ताचे फारच थोडे उरले. ज्यांच्या जमिनी फसवणुकीने गेल्या होत्या, त्यांपैकी बहुतेकांचे दावे त्यामुळे निकालात निघाले. मालमत्तेचा हक्क कातडीवरील ओरखड्याने ठरविल्याचे हे उदाहरण महसुलाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

परिणाम असा झाला की, व्हाइट अर्थच्या मूळ क्षेत्रापैकी सुमारे नऊ-दशांश जमीन जमातीच्या व तिच्या सदस्यांच्या हातून गेली. देशभरातही हेच घडत होते. १८८७ मध्ये सर्व आदिवासी जमातींकडे मिळून १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ च्या कायद्याने वाटणीचे धोरण थांबविले, तेव्हा ती ४ कोटी ८० लाख एकरांवर आली होती.

जी जमीन विश्वस्ततेखाली टिकून राहिली, तिच्यापुढे निराळीच अडचण उभी राहिली. मूळ धारक मरण पावल्यावर ती प्रत्यक्ष न वाटता वारसांत केवळ हिश्शांनी वाटली गेली. तीनचार पिढ्यांनंतर एकेका तुकड्याला शेकडो हिस्सेदार झाले. त्यांची संमती मिळविणे अशक्य झाल्याने जमीन पडीक राहू लागली किंवा अल्प भाड्याने परक्यांकडे गेली. तिचे भाडे व लाकडाचे पैसे सरकारी खात्यांत जमा होत. त्यांचा हिशेब सरकारला देता येईना, म्हणून १९९६ मध्ये ब्लॅकफीट जमातीच्या एलुईस कोबेल यांनी सर्व जमातींच्या खातेदारांच्या वतीने दावा दाखल केला. २००९ मध्ये ३४० कोटी डॉलरांवर तडजोड झाली आणि त्यातील मोठा भाग विखुरलेले हिस्से विकत घेऊन जमातींना देण्यासाठी राखून ठेवण्यात आला.

कोरियातील कुळे

कोरिया १९१० मध्ये जपानच्या ताब्यात गेला. १९१० ते १९१८ या काळात जपानी प्रशासनाने संपूर्ण देशाची जमीनमोजणी केली. ज्यांच्याकडे वहिवाट होती पण कागद नव्हता, अशा अनेकांचे हक्क या मोजणीत बुडाले. जपानी कंपन्या आणि कोरियन जमीनदार यांच्या हाती जमीन एकवटत गेली. पिकाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा खंड म्हणून द्यावा लागे. तांदूळ जपानला जाई आणि तो पिकविणारा शेतकरी मांचुरियातून आणलेले भरड धान्य खाई. १९४५ मध्ये सुमारे निम्मी शेतकरी कुटुंबे पूर्णपणे कुळे होती आणि केवळ स्वतःच्या मालकीची जमीन कसणारी कुटुंबे जेमतेम सातांत एक होती. म्हणजे आरंभरेषा चिपेवांहून फारशी पुढे नव्हती. भाषेबाबतही हेच म्हणता येईल. जपानी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली होती, जशी अमेरिकेत आदिवासी मुलांच्या निवासी शाळांतून त्यांची भाषा हद्दपार होती.

१९४५ मध्ये देशाची फाळणी झाली. उत्तरेत साम्यवादी राजवटीने मार्च १९४६ मध्ये जमीनदारांच्या जमिनी विनामोबदला काढून घेऊन वाटून टाकल्या. या बातमीचा दक्षिणेवर झालेला परिणाम कमी लेखता येणार नाही. दक्षिणेतील अमेरिकन लष्करी प्रशासनाने खंडाची कमाल मर्यादा पिकाच्या एक तृतीयांशावर आणली होती. १९४८ मध्ये त्याने जपान्यांच्या ताब्यातील जमिनी त्या कसणाऱ्या कुळांना विकल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या कोरियन प्रजासत्ताकाचे पहिले शेतीमंत्री चो बोंग-आम यांनी जमीन सुधारणा कायद्याचा पाया घातला. कायदा जून १९४९ मध्ये संमत झाला आणि मार्च १९५० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अंमलबजावणी सुरू झाली. चो यांना मात्र पुढे राजकीय आरोपांखाली १९५९ मध्ये फाशी देण्यात आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

या कायद्याच्या तरतुदी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. कोणाही कुटुंबाकडे ३ जोंगबो, म्हणजे सुमारे साडेसात एकरांहून अधिक शेतजमीन राहू नये. स्वतः न कसणाऱ्याची जमीन सरकारने घ्यावी. कुळाने जमिनीची किंमत म्हणून एका वर्षाच्या मुख्य पिकाच्या दीडपट धान्य पाच वर्षांत भरावे. म्हणजे दरवर्षीचा हप्ता पिकाच्या तीन-दशांश होत असे. पूर्वी जो शेतकरी निम्मे पीक खंड म्हणून कायमचे देत होता, तो आता त्याहून कमी देऊन पाच वर्षांत मालक होणार होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हप्ते पूर्ण होईपर्यंत ही जमीन विकण्यास, बक्षीस देण्यास किंवा गहाण टाकण्यास बंदी होती. त्यानंतरही कमाल मर्यादा कायम असल्याने कोणा धनिकाला ती गोळा करता येत नव्हती.

व्हाइट अर्थच्या रहिवाशाला १६० एकरांपर्यंत जमीन मिळाली होती. कोरियन शेतकऱ्याला कायद्याने ठेवता येण्याजोगी कमाल जमीन साडेसात एकर होती आणि प्रत्यक्षात बहुतेकांकडे अडीच एकरही नव्हती. उत्तर मिनेसोटातील थंडी व जंगल आणि कोरियातील भातखाचरे यांची एकरागणिक तुलना करता येणार नाही, हे खरे. तरीही मोठा तुकडा पंधरा-वीस वर्षांत गेला आणि छोटा तुकडा टिकला. छोट्या तुकड्याभोवती कायद्याचे कुंपण होते. मोठ्या तुकड्याचे कुंपण तो पिकता होण्याआधीच काढून घेण्यात आले.

कोरियातील सुधारणा निर्दोष नव्हती. कायदा येणार हे कळताच अनेक जमीनदारांनी आपल्या जमिनी आधीच कुळांना विकल्या, काही ठिकाणी चढ्या भावाने. जून १९५० मध्ये युद्ध पेटले. युद्धकाळात जमीन कर धान्यरूपाने वसूल होऊ लागल्याने हप्ता आणि कर मिळून शेतकऱ्याची ओढाताण झाली आणि कित्येकांचे हप्ते थकले. जमीनदारांना दिलेले रोखे महागाईत कवडीमोल झाले. गावात सावकारी चालूच राहिली. मात्र कुळांचे मालक झाले ही गोष्ट पालटली नाही. १९६० च्या दशकात पूर्णपणे कूळ असलेली कुटुंबे दहा टक्क्यांच्या आत आली होती. आपल्याकडील कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, तोही याच काळातला. कुळाला मालक करण्याचा प्रयत्न त्या दोन दशकांत आशियातील अनेक देशांत झाला आणि त्यात दक्षिण कोरियाची अंमलबजावणी पूर्णतेच्या बाबतीत वरच्या क्रमांकाची गणली जाते.

शाळा, पतपुरवठा आणि गाव

जमिनीच्या तुकड्याने कोरियन शेतकरी श्रीमंत झाला नाही. अडीच एकरांत ते शक्यही नव्हते. १९६१ च्या सुमारास देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न १०० डॉलरांच्या आत होते. बदल झाला तो निराळ्या वाटेने. पूर्वी खंडात जाणारे धान्य घरात राहू लागले आणि त्याचा पहिला उपयोग मुलांच्या शिक्षणासाठी झाला. १९४५ मध्ये तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रौढ निरक्षर होते. १९६० पर्यंत बहुतेक सर्व मुले प्राथमिक शाळेत दाखल झाली होती. हे शिक्षण मातृभाषेत आणि सहज शिकता येणाऱ्या हंगुल लिपीत होते, ही बाब शिक्षकवर्गाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी शेतकरी गाय विकत असे. म्हणून विद्यापीठांना थट्टेने ‘गाईच्या हाडांचा मनोरा’ असे म्हटले जाई. जमीन विकण्याऐवजी गाय विकता येत होती, हेही त्या थट्टेत आलेच.

याउलट चिपेवा मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत नेण्यात आले. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल ही शाळा १८७९ मध्ये स्थापन झाली आणि पुढील अनेक शाळांचा नमुना ठरली. तेथे मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई आणि दिवसाचा मोठा भाग धुणे, शिवण व शेतकामात जाई. शिकून परतलेल्या मुलाला गावात उद्योग नव्हता, कारण ज्या जमिनीवर तो करायचा ती तोवर गेलेली होती. १९५० च्या दशकात सरकारने त्यांना शहरांत हलविण्याचा कार्यक्रम आखला. अनेक चिपेवा कुटुंबे मिनेआपोलिसमध्ये आली आणि तेथील निकृष्ट घरांत व तुटपुंज्या मजुरीवर राहू लागली. १९६८ मध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट ही संघटना याच शहरात जन्माला आली आणि तिच्या संस्थापकांत चिपेवा तरुण आघाडीवर होते, यात नवल नाही.

दक्षिण कोरियात १९७० नंतर ‘सेमाउल उंदोंग’ म्हणजे नवग्राम चळवळ सुरू झाली. पंचायतींच्या कामाशी संबंधित वाचकांना तिची सुरुवात ठाऊक असावी. पहिल्या हिवाळ्यात सरकारने ३३ हजारांहून अधिक गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिले आणि त्याचे काय करायचे हे गावाने ठरवावे असे सांगितले. ज्या सुमारे १६,६०० गावांनी चांगले काम केले, त्यांनाच पुढील वर्षी ५०० पोती सिमेंट व एक टन लोखंड मिळाले. रस्ते, साकव, विहिरी, घरांची छपरे अशी कामे झाली. मात्र ही चळवळ लष्करी पार्श्वभूमीच्या पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाही राजवटीत चालली. तिच्यात सक्ती होती आणि घरदुरुस्तीपायी कर्जेही झाली, हे नोंदविल्यावाचून तिचे वर्णन पुरे होत नाही. शिवाय अमेरिकेने कोरियाला केलेली प्रचंड मदत आणि १९६० नंतरचे निर्यातप्रधान कारखानदारीचे धोरण यांवाचून ही प्रगती झाली नसती. साक्षर मजूर मात्र त्या कारखान्यांना खेड्यांतूनच मिळाला.

सामाईक जमीन राखणारे रेड लेक

यावरून जमीन हातची गेली नसती तर चिपेवा कोरियनांप्रमाणे पुढे गेले असते, असा निष्कर्ष काढावा काय? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. १८८९ मध्ये मिनेसोटातील रेड लेक येथील चिपेवांनी मोठा प्रदेश गमावला खरा, पण उरलेल्या जमिनीची व्यक्तिशः वाटणी त्यांनी ठामपणे नाकारली. ती जमीन आजही संपूर्ण जमातीच्या सामाईक मालकीची आहे. तरीही रेड लेक हे दीर्घकाळ राज्यातील अतिशय गरीब क्षेत्रांपैकी एक राहिले. शहरांपासूनचे अंतर, थोडे उद्योग, आणि जंगल व पैसा यांविषयीचे निर्णय दीर्घकाळ वॉशिंग्टनच्या कचेरीत होणे, ही त्याची कारणे आहेत. विश्वस्ततेखालील जमीन गहाण टाकता येत नसल्याने बँका कर्ज देण्यास नाखूष असतात, हीही एक अडचण. कोरियात हीच उणीव भरून काढण्यासाठी १९६१ मध्ये शेती सहकारी संस्था व शेती बँक यांचे एकत्रीकरण करून देशव्यापी सहकारी संघ उभा करण्यात आला. चिपेवांसाठी असे काही कोणी उभारले नाही.

असे असले तरी रेड लेकच्या मासेमारीची हकीकत निराळे काही सांगते. तेथील सरोवरातील वॉलआय माशाचा व्यापार १९२९ पासून जमातीच्या सहकारी संस्थेमार्फत चाले. अतिरेकी मासेमारीमुळे १९९० च्या दशकात हा मासा जवळजवळ संपला. तेव्हा १९९७ मध्ये मच्छीमारांनी स्वतः मतदान करून आपली जाळी गुंडाळली. राज्य शासनाशी करार झाला, सरोवरात कोट्यवधी पिले सोडण्यात आली आणि २००६ मध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली. जे आपले आहे अशी खात्री असते, त्यासाठी माणसे नऊ वर्षे उपजीविका थांबवू शकतात. व्हाइट अर्थमधील लोकांना असा निर्णय घेण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते.

अलीकडील पन्नास वर्षे

१९७५ च्या आदिवासी स्वयंनिर्णय कायद्याने शाळा, आरोग्य इत्यादी सेवा जमातींनी स्वतः चालविण्याची सोय झाली. १९७६ मध्ये लीच लेक येथील एका चिपेवा कुटुंबाच्या फिरत्या घरावर काउंटीने लावलेला दीडशे डॉलरांहूनही कमी कर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. राखीव क्षेत्रात राज्याला जमातीच्या सदस्यांवर कर बसविण्याचा वा नियमन करण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही, हे तत्त्व या छोट्या खटल्यातून पुढे आले आणि त्याच्याच आधारे जमातींचे जुगारगृहांचे व्यवसाय उभे राहिले. त्यांना १९८८ च्या कायद्याने चौकट घालून दिली. मिल लॅक्स येथील चिपेवांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दोन जुगारगृहे काढली आणि त्या उत्पन्नातून शाळा, दवाखाना व पाणीपुरवठा उभारला. मात्र मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जमातींना या धंद्यातून बेताचेच मिळते. जुगारावर सर्व जमाती धनाढ्य झाल्या, ही समजूत चुकीची आहे.

तहातील ते जुने कलमही याच काळात जागे झाले. १९८३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने विस्कॉन्सिनबाबत आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिल लॅक्सबाबत, शिकार व मासेमारीचे राखून ठेवलेले हक्क अजून जिवंत आहेत, असा निर्णय दिला. दुसरा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. व्हाइट अर्थच्या जमिनीबाबत मात्र असे घडले नाही. करापोटी जमिनी जप्त करणे बेकायदा होते, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. शेकडो मालकीहक्क संशयास्पद ठरले. १९८६ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून सध्याच्या धारकांचे हक्क कायम केले आणि मूळ वारसांना जमीन गेली त्या काळच्या भावाने, व्याजासह रोख मोबदला देऊ केला. जमातीला राज्याकडून १०,००० एकर जमीन मिळाली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७४ च्या अधिनियमात जमीनच परत देण्याची तरतूद आहे. व्हाइट अर्थमध्ये वारसांना ती संधी नव्हती.

अमेरिकेतील कोरियन

आता मूळ तुलनेकडे वळता येईल. अमेरिकेत पहिले कोरियन १९०३ मध्ये हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आले. पुढे कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा आशियाई लोकांना शेतजमीन घेण्यास मनाई केली. त्या पिढीतील कोरियनांची आर्थिक स्थिती बेताचीच राहिली. मेहनत व वृत्ती याच जर निर्णायक असत्या, तर त्या पिढीनेही भरारी घ्यायला हवी होती.

१९६५ नंतर आलेले कोरियन निराळे होते. त्यांच्यात उत्तरेतून आलेल्या निर्वासितांची, शहरी मध्यमवर्गाची आणि शाळांच्या विस्ताराबरोबर पुढे आलेल्या खेड्यांतील कुटुंबांची मुले होती. बरेच जण पदवीधर होते. भाषेच्या अडचणीमुळे पदवीचा उपयोग होईना, म्हणून त्यांनी किराणा, भाजी, कपडे धुण्याची दुकाने काढली. भांडवल अनेकदा ‘के’ नावाच्या मंडळांतून आले. ‘के’ म्हणजे आपली भिशीच. दहावीस जणांनी दरमहा ठराविक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. घरची माणसे बिनपगारी राबत. यातील कष्ट खरे आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु भिशी चालण्यास आधी दरमहा टाकण्याइतकी शिल्लक असलेले दहावीस लोक लागतात. राखीव क्षेत्रातील खेड्यात नेमके तेच नव्हते. या दुकानदारांची सुस्थितीही किती ठिसूळ होती, हे १९९२ च्या लॉस एंजेलिसमधील दंगलीत दिसले. सुमारे २,३०० कोरियन दुकानांची हानी झाली, नुकसान ४० कोटी डॉलरांच्या घरात गेले आणि अनेकांकडे पुरेसा विमाही नव्हता.

खुद्द कोरियात आज शेतकरी लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आत आहे. १९८७ च्या राज्यघटनेत ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कायम असले तरी सुमारे निम्मी शेतजमीन पुन्हा भाडेपट्ट्याने कसली जाते, कारण वारस शहरात आहेत आणि गावात वृद्ध उरले आहेत. चिपेवांकडे प्रवाह उलटा आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय कायद्याने चिपेवा राष्ट्रीय वनातील सुमारे ११,७६० एकर जमीन लीच लेक जमातीला परत देण्याचे ठरले. २०२२ मध्ये बोआ फोर्त या चिपेवा जमातीला पूर्वी एका लाकूड कंपनीच्या ताब्यात असलेली सुमारे २८,००० एकर जमीन परत मिळाली. या जमिनी व्यक्तींना वाटून दिलेल्या नाहीत. त्या जमातीच्या नावावर आहेत.